विमानाची काच, डोळ्यातलं भिंग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या फुटलेल्या ॲक्रिलिकचे कण घुसत. नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की ते आत राहूनही डोळा फारसा चिडत नाही. शरीर परक्या वस्तूवर सहसा तुटून पडतं. हे प्लास्टिक मात्र रासायनिकदृष्ट्या इतकं निष्क्रिय, की दाह नगण्य. (धारदार कण हललाच, तर गोष्ट वेगळी!) त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून रिडलींनी नोव्हेंबर १९४९मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाला बसवलं. समव्यवसायींनी टीकेची झोड उठवली. ती सगळीच अनाठायी नव्हती: सुरुवातीची भिंगं जड होती, काही जागेवरून सरकत. पुढे ती हलकी, घडी घालण्याजोगी झाली. १९९०च्या दशकात मदुराईच्या ऑरोलॅबने ती भारतात स्वस्तात बनवली. म्हातारपणी खुद्द रिडलींनीही अशी भिंगं बसवून घेतली.