एका बाईच्या हाती किती लेकरे?

दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेत जाणारे पोर आजीजवळ राहू शकते. पण अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाणारच. आई पहाटे अंधारात फडावर जाते आणि कोपीत उरतात ती लहान लेकरे. सांभाळायला कोण? पुष्कळदा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तेव्हा एका माणसाने किती मुले सांभाळावीत, हा केवळ शहरी पाळणाघरांचा प्रश्न आहे असे समजू नये.

या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही; आधी मुलांचे वय विचारावे लागते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने 2018 साली पाळणाघरांसाठी सूचना काढल्या. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक शिकलेली सेविका, तीन वर्षांवरील वीस मुलांमागे एक, आणि जोडीला मदतनीस, असे त्यांत सांगितले होते. इंग्लंडात दोन वर्षांखालील तीनच मुलांमागे एक माणूस लागतो. एवढा फरक का, हे साध्या हिशोबाने कळते. तान्ह्या मुलाला पेज भरवायला पंधरा मिनिटे धरा. दहा मुलांना भरवायचे म्हणजे अडीच तास झाले. पहिल्याचे पोट भरून त्याला पुन्हा भूक लागेपर्यंत दहाव्याची पाळी येते! मध्ये कुणाचे लंगोट बदलायचे, आणि ते बदलल्यावर हात धुतल्याशिवाय वाटीला हात लावायचा नाही. घाईत पहिल्यांदा सुटते ते हे हात धुणे; मग एकाची हगवण सगळ्यांना लागते. आणि कोपीतल्या पाचटाला आग लागली तर बाई दोन हातांनी दोन मुले उचलील. बाकीची आपल्या पायांनी पळू शकणारी असली पाहिजेत.

दुसरी गोष्ट चटकन दिसत नाही. मूल बोलायला शिकते ते कुणी त्याच्या हुंकाराला उलट ‘ओ’ देते म्हणून. मुले फार झाली की बाई बोलते ती फक्त “गप बस”, “तिकडे जाऊ नको” एवढेच. शिक्षक बंधुभगिनींना पहिलीच्या वर्गात जी अबोल मुले भेटतात, त्यांतल्या काहींची अडचण इथे सुरू झालेली असू शकते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे 1957 साली त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी ओळखले. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. थोरलीची शाळा सुटायची नसेल तर धाकट्याची सोय जवळच हवी, हे तिथे प्रत्यक्षात दिसले.

रोजगार हमीच्या 2005 सालच्या केंद्रीय कायद्यानेही एक शहाणपणाची तरतूद केली होती. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर बायांपैकी एकीला त्यांच्याजवळ ठेवावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मुले सांभाळणे हे कामच आहे, ही गोष्ट त्या तरतुदीने मान्य केली.

हाच हिशोब ऊसतोडीच्या टोळीला लावून पाहू. समजा टोळीत बारा कोयते आहेत आणि सहाखालची नऊ मुले. त्यांत तीन रांगणारी. एक बाई आणि हाताशी एखादी म्हातारी असली तर जमेल. रांगणारी सहा झाली तर माझ्या मते दोन जाणत्या बाया लागतील, सरकारी आकडा काहीही म्हणो. कारण पाणी दूर, चूल उघडी, आणि ट्रॅक्टर कोपीच्या दारापर्यंत येतो. म्हातारी पाण्याला गेली की तेवढा वेळ ती मोजायची नाही. मागे राहणाऱ्या एका बाईची मजुरी बारा कोयत्यांवर वाटली, तर एकेकावर तिचा बारावा हिस्साच पडतो. आठ वर्षांच्या बहिणीला मात्र या मोजणीत कुठेही धरू नये. तीही सांभाळायच्या वयातलीच आहे.

टोळी गाव सोडण्याआधी शिक्षकांनी मुकादमाला गाठून एवढे विचारावे: बरोबर येणारी लहान मुले किती, त्यांत न चालणारी किती, आणि फडावर न जाता मागे राहणारी बाई कोण?