खुराक आणि पूरक : व्यायामातील अमिनो आम्लांचा तौलनिक विचार

मराठी पैलवानाच्या बोलण्यात ‘आहार’ हा शब्द क्वचितच येतो. त्याचा शब्द ‘खुराक’. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘खाणे’ एवढाच. पण तालमीत त्याला दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण असा निश्चित आशय प्राप्त झाला. अलीकडे ह्या शब्दाच्या शेजारी ‘पूरक’ हा दुसरा शब्द येऊन बसला आहे. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगाव येथे हे दोन्ही शब्द सुखाने नांदू शकतात. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. भोवती ऊस आणि दुभती जनावरे, लगत मोठी औद्योगिक वसाहत. शिरूर तालुक्यात जत्रेतला आखाडा अद्याप मोडलेला नाही, आणि पाळी संपवून व्यायामशाळा गाठणारा तरुण कामगारही आता नवा राहिलेला नाही. पगारातून जो डबा तो विकत घेतो, त्यावर अमिनो आम्लांची नावे छापलेली असतात. ‘पूरक’ म्हणजे उणीव भरून काढणारे. तेव्हा उणीव कोणती, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ह्या नवांतील ल्यूसीन, आयसोल्यूसीन व व्हॅलीन ही तीन ‘शाखायुक्त’ म्हणून ओळखली जातात, आणि बाजारात सर्वांत अधिक गाजावाजा त्यांचाच आहे. त्यास आधार नाही असे नव्हे. स्नायूत नवे प्रथिन बांधण्याची आज्ञा सुटते ती मुख्यत्वे ल्यूसीनमुळे. परंतु आज्ञा सुटली म्हणून भिंत उभी राहत नाही; त्यासाठी उरलेल्या सहा आम्लांच्या विटाही हजर असाव्या लागतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजने उचलण्याच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम शाखायुक्त आम्ले दिली असता स्नायुप्रथिनांच्या निर्मितीचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. संपूर्ण प्रथिनाने होणाऱ्या वाढीच्या मानाने ही वाढ तोकडीच होय. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी ह्या आम्लांनी काहीशी कमी होते, असे काही प्रयोगांत दिसते. बळ वाढल्याचा पुरावा मात्र दुबळा आहे.

येथे थोडा हिशेब उद्बोधक ठरेल. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे ३८ ग्रॅम प्रथिन असते आणि त्याचा अंदाजे पाचवा हिस्सा ही तीन शाखायुक्त आम्लेच व्यापतात. म्हणजे साडेसात ग्रॅमांच्या आसपास. डब्यातील चमचाभर भुकटी ह्याहून अधिक काही देत नाही. उरलेली सहा आम्ले तर ती मुळीच देत नाही. गोठ्यात म्हैस असणाऱ्याने हे डबे घेणे म्हणजे विहीर असता पाणी विकत आणणे होय.

‘व्हे’ प्रथिनाची गोष्ट निराळी. श्रीखंडासाठी चक्का टांगला असता जे निवळ पाणी निथळते, तशाच, चीज करताना सुटणाऱ्या पाण्यापासून ते काढतात. त्यात नऊही आवश्यक आम्ले असतात, ल्यूसीन विपुल असते आणि ते लवकर पचते. व्यायामानंतर २० ते २५ ग्रॅम पुरेसे होते. तथापि दिवसाकाठी शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन जेवणातूनच मिळत असेल, तर ह्या भुकटीची सोय होते, गरज पडत नाही.

ग्लुटामीनविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. निरोगी खेळाडूला त्याचा उल्लेखनीय लाभ दिसून आलेला नाही. कलिंगडाच्या लॅटिन नावावरून ज्याचे नामकरण झाले, त्या सिट्रुलीनबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. बीटा-अ‍ॅलनीन मात्र कुस्तीच्या दृष्टीने विचारार्ह आहे. ते प्रथिनांत सामावत नाही. हिस्टिडीनशी संयोग पावून स्नायूत कार्नोसीन बनविते, आणि कार्नोसीन श्रमाच्या वेळी वाढणारी आम्लता आवरते. रोज चार ते सहा ग्रॅम निदान चार आठवडे घेतल्यास एक ते चार मिनिटांच्या निकराच्या श्रमात अल्प लाभ होतो. गादीवरील कुस्ती तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असल्याने हा काळ तिला जुळतो. मात्रा एकदम घेतल्यास अंगाला मुंग्या येतात. त्या निरुपद्रवी असतात. अमिनो आम्लांपासूनच शरीरात बनणाऱ्या क्रिएटिनचा पुरावा ह्या सर्वांहून भक्कम आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते.

डब्यावर लिहिले ते डब्यात असतेच, असा भरवसा मात्र धरता येत नाही. भारतीय बाजारातील ३६ प्रथिनभुकट्या तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ७० टक्के भुकट्यांवरील प्रथिनाचा आकडा चुकीचा आढळला. काहींत तर सांगितल्याच्या निम्मेच प्रथिन होते. स्पर्धेत उतरणाऱ्याला अधिक धोका बंदी असलेल्या द्रव्याच्या भेसळीचा. कारण नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच येते.

‘पूरक’ हा शब्द खऱ्या अर्थाने कोणाला लागू पडतो, तर तो माळकरी पैलवानाला. ज्वारीच्या भाकरीत लायसीन उणे, डाळीत मिथिओनीन उणे. ही दोन एकत्र खाल्ली की परस्परांची उणीव भागते आणि दूध उरलेसुरले पुरे करते. परंतु क्रिएटिन मुख्यत्वे मांस-मासळीतच असते आणि बीटा-अ‍ॅलनीनचा साठाही प्रायः तेथूनच होतो. म्हणून शाकाहारी मनुष्याच्या स्नायूत क्रिएटिन आणि कार्नोसीन ह्या दोहोंचे प्रमाण सरासरीने कमी आढळते, आणि ते दुधाच्या तांब्याने भरून निघत नाही.