मातीचा न्याय
(उद्योगनगरीतील क्रीडांगणे : लेखांक सातवा)

मागील लेखांकी तालमीच्या हौद्याचा विचार करताना आपण असे पाहिले की, भोसरीसारख्या कुस्तीचा वारसा सांगणाऱ्या गावी नवशिक्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी डाव येत नाही, फावडे येते. लाल माती उकरावी, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू यथाप्रमाण मिसळावे, खडे वेचून ती सारखी करावी आणि मगच जोडीदाराच्या अंगाला हात लावावा, असा तेथला पूर्वापार रिवाज आहे. त्या रिवाजामागे केवळ मेहनतीची सवय लावण्याचा हेतू असावा असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्या मातीत आपण पडणार त्याच मातीत प्रतिस्पर्धीही पडणार आहे, ही जाणीव उपदेशाने जितकी ठसत नाही तितकी ती माती स्वतःच्या हाताने भुसभुशीत केल्याने ठसते, हे त्याचे खरे मर्म आहे. आज तेच सूत्र हाती धरून आपल्या मुलखात अजून पाहुण्यासारखे वावरणाऱ्या बेसबॉल व सॉफ्टबॉल या दोन भावंड-खेळांच्या मैदानाकडे वळावयाचे आहे. जळगाव-अमरावतीकडे सॉफ्टबॉल पूर्वीच रुजला. शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत हे दोन्ही खेळ आहेत. आणि पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात, जेथे अर्ध्या महाराष्ट्रातून आलेल्या कामगारांची मुले एका बाकावर बसतात, तेथे त्यांना खेळाडूंचा तोटा पडण्याचे काही कारण नाही. तोटा आहे तो मैदानाचा, आणि त्याहूनही अधिक मैदान राखणाऱ्या हातांचा.

या टापूची जमीन झपाट्याने हस्तांतरित झाली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठीच्या दशकात औद्योगिक महामंडळाने भूसंपादनाची मोहीम चालविली, ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली व १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या अवधीत गावोगावची गायराने, मुरमाड माळ आणि नदीकाठची काळी शेते सातबाऱ्यावरून उतरून नकाशावरील आरक्षणांत जमा झाली. त्यांपैकी जी खेळासाठी राहिली त्यांच्यावर पहाटे धावणारे, सकाळी शाळांची कवायत, सायंकाळी टेनिस चेंडूचे क्रिकेट आणि हंगाम येईल तसा एखादा मंडप, प्रदर्शन वा सभा असा अखंड राबता असतो. मंडप उतरतो, पण त्याच्या खुंट्यांची भोके, तुटके खिळे आणि तारेचे तुकडे मातीत मागे राहतात. सार्वजनिक जागेचे दप्तर असते, धनी नसतो, याचा प्रत्यय अनवाणी पायाने धावणाऱ्या मुलास सर्वांआधी येतो. म्हणून मैदान आखण्यापूर्वीचे पहिले काम अगदी साधे आहे : सर्व मुलांनी हातभर अंतराने एका रांगेत उभे राहून, मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे आणि जे टोचेल ते घमेल्यात टाकावे.

आता आखणी. मोठ्यांच्या बेसबॉलचा चौकोन प्रत्येक बाजूस ९० फुटांचा असतो. लहान मुलांच्या बेसबॉलचा ६० फुटांचा, म्हणजे १८.२९ मीटरचा, आणि सॉफ्टबॉलचाही तेवढाच. त्यामुळे एकाच आखणीवर शाळेचे दोन्ही खेळ निभतात, ही आमच्यासारख्या जागेच्या दुष्काळात राहणाऱ्यांस मोठीच सोय आहे. गवंडी भिंतीचा कोपरा तीन-चार-पाचच्या दोरीने काटकोनात आणतो, तीच विद्या येथे निराळ्या रीतीने वापरतात. ज्या ठिकाणी फलंदाज उभा राहणार त्या होम प्लेटच्या मागील टोकाशी खुंटी ठोकावी. तेथून मैदानाच्या मध्यदिशेने ८४ फूट सव्वादहा इंच फीत ताणून दुसऱ्या बेसची खुंटी ठोकावी. मग एक फीत होमपासून व दुसरी दुसऱ्या बेसपासून ६०-६० फूट धरून उजवीकडे जेथे त्या मिळतील तो पहिला बेस आणि डावीकडे जेथे मिळतील तो तिसरा. कर्ण वीतभर चुकला तर चौकोन तिरपा होतो, त्याच्या बाजूंवरून पुढे जाणाऱ्या सीमारेषा फाकतात किंवा आवळतात, आणि मग एखाद्या मुलीने निर्मळ मारलेला चेंडू पंचांस नाइलाजाने बाद रेषेबाहेरचा ठरवावा लागतो. चाकणच्या कारखान्यात सुताएवढा फरक पडलेला सुटा भाग गेजला लावून बेलाशक बाजूला काढणारा बापच रविवारी मुलाच्या सामन्याला येऊन पावलांनी मोजलेला बेस निमूटपणे पाहतो, तेव्हा त्याचा धंद्यातील काटेकोरपणा फाटकाबाहेर कोठे राहिला, असा प्रश्न मला पडतो.

मैदानाची दिशाही यदृच्छेवर सोडू नये. होमपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी अशी बेसबॉलच्या नियमावलीचीच शिफारस आहे; दुपारच्या सामन्यात मावळतीचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये, हे तिचे कारण. रेषांसाठी फक्की वापरावी ती खडूच्या भुकटीची. कळीचा चुना स्वस्त पडतो म्हणून कोणी आणील तर त्यास तत्काळ मना करावे, कारण घामाने वा पाण्याने भिजलेल्या कातडीस आणि विशेषतः डोळ्यांस तो भाजतो, आणि बेसबॉलमध्ये मुले रेषेवरूनच घसरत जातात.

परंतु या साऱ्या विषयाचा गाभा म्हणजे माती. दख्खनचा काळा पाषाण झिजून प्रथम मुरूम होतो आणि मुरूम झिजून, वाहून, नदीकाठी साचून काळी माती होते. पवना, इंद्रायणी व भामेच्या खोऱ्यांत या दोन्ही अवस्था कोसा-दोन कोसांच्या अंतरात सापडतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. रुळाखाली दाबली असता ती घट्ट बसते, म्हणून क्रिकेटच्या खेळपट्टीस ती प्रिय, परंतु ज्या अंगणात मुलांनी पळावयाचे, वळावयाचे व घसरावयाचे तेथे निव्वळ काळी माती पावसाळ्यात चिखल आणि वैशाखात दगड. उलट निव्वळ मुरूम पाणी लवकर सोडतो, पण त्यातील खडे गुडघे सोलतात आणि जमिनीलगत येणारा चेंडू अवचित उसळवून नेमका तोंडावर आणतात. ज्या देशात हा खेळ वाढला तेथे बेसांमधील मातीत सुमारे दोन-तृतीयांश वाळू ठेवून उरलेल्या भागात पोयटा व चिकणमाती मिसळतात. आपल्याकडे चाळलेला बारीक मुरूम, धुतलेली वाळू आणि थोडी काळी माती यांचे मिश्रण करून तीच गोष्ट साधता येते. प्रमाण मात्र पुस्तकातून न घेता मुठीतून घ्यावे : ओलसर माती मुठीत दाबली असता गोळा व्हावा आणि अंगठ्याने टिचकी मारताच फुटावा. गोळा झालाच नाही तर चिकणमाती कमी, फुटलाच नाही तर वाळू कमी.

एवढे केल्यावर रोजची मशागत राहते, आणि ती फार थोडी आहे. सामना संपताच फलंदाजाच्या चौकटीत, चेंडूफेकीच्या पट्टीपुढे व बेसांच्या भोवती पडलेले खळगे दाताळ्याने मोकळे करावेत, ओली माती भरावी, चोपणीने चोपावी. मग जुनी साखळी किंवा ओझे ठेवलेले गोणपाट वर्तुळाकार ओढीत साऱ्या अंगणावरून फिरवावे. ओढताना गवताच्या कडेबाहेर जाऊ नये, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे. नाहीतर दर खेपेस थोडी थोडी माती गवतात जाऊन बसते, वर्ष-दोन वर्षांत तेथे बांधासारखा उंचवटा चढतो, पावसाचे पाणी आत कोंडते आणि चेंडू त्याच उंचवट्यावर आदळून उसळतो. पुष्कळ मैदाने पावसाने बिघडली असे म्हणतात, ती वस्तुतः अशा हलगर्जी झाडलोटीने बिघडलेली असतात.

मातीचा न्यायाशी संबंध आहे हे विधान कोणास अलंकारिक वाटेल, म्हणून काही दाखले देतो. १९६८ साली अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये चेंडूफेक्यांचे इतके प्राबल्य माजले की, बॉब गिब्सन या खेळाडूने हंगामभरात दर नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.१२ धावा दिल्या. तेव्हा पुढील वर्षापासून चेंडूफेकीचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आला, फलंदाजाच्या बाजूने आणखीही फेरबदल झाले आणि धावा पुनश्च वाहू लागल्या. पाच इंच मातीने दोन पक्षांतील तोल बदलतो, हे तेथे कायद्याने मान्य झाले. त्याआधी १९६२ च्या ऑगस्टात सॅन फ्रान्सिस्को येथे हेच ज्ञान निराळ्या हेतूने वापरले गेले होते. पाहुण्या डॉजर्स संघाचा मॉरी विल्स बेस चोरण्यात अद्वितीय. त्या हंगामात त्याने १०४ बेस चोरले. त्याच्या पायांस खीळ बसावी म्हणून यजमानांच्या मैदानरक्षकाने, मॅटी श्वाबने, पहिल्या बेसजवळची माती उकरून तेथे वाळू, कुजट माती व पाणी यांचा दलदलीसारखा थर घातला. पंचांनी तो काढण्याचा हुकूम दिला खरा, परंतु विल्सचे वारू रोखले गेले ते गेलेच, आणि तीन सामन्यांच्या त्या मालिकेत यजमान तिन्ही सामने जिंकले. अमेरिकेत ही कथा आजही मिश्कीलपणे सांगतात. मला तिच्यात मिश्कील काही दिसत नाही. दौड ज्याची उत्तम त्याच्या पायाखाली चिखल करणे आणि त्याला शर्यतीपूर्वी लंगडा करणे यांत फरक करावयाचा तर तो वकिलानेच करावा.

आपल्या दाराशीही एक दाखला आहे. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या गहुंजे येथील क्रीडासंकुलात २०१७ च्या फेब्रुवारीत पहिलावहिला कसोटी सामना झाला. खेळपट्टी पहिल्याच दिवसापासून धूळ उडविणारी, फिरकीला भलतीच धार्जिणी. परिणाम असा की, भारताचे दोन्ही डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ गडी टिपले, आणि तीन दिवसांत ३३३ धावांनी सामना पाहुण्यांनी नेला. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सामनाधिकाऱ्याने त्या खेळपट्टीस ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. माती यजमानाची असली तरी ती यजमानाची बाजू घेईलच असे नाही, हे तेथे जगजाहीर झाले.

तेव्हा मैदान राखणे म्हणजे सामना सुरू होण्याआधीच केलेली पंचगिरी होय, असे मला म्हणावयाचे आहे. आणि मुलांस खिलाडूवृत्ती शिकवावयाची तर ती भाषणापेक्षा दाताळ्यापासून सुरू करणे मला अधिक व्यवहार्य वाटते. चेंडूफेक्या मुलाने आपल्या पायाने पडलेला खळगा, डाव संपल्यावर, प्रतिस्पर्धी चेंडूफेक्या येण्यापूर्वी स्वतः बुजवावा, हा नियम एखाद्या शाळेने घालून पाहावा. आरंभी मुले कुरकुरतील. काही दिवसांनी एखादा पाहुणा मुलगा येऊन म्हणेल, ‘‘दादा, थोडं पुढं भर, माझा पाय तिथं पडतो,’’ आणि हा भरील. खेळानंतर ओळीने उभे राहून हात मिळविण्याची प्रथा चांगलीच आहे, पण सवयीने ती हातांची ये-जा होऊन बसते. खळगा बुजविताना मात्र दुसऱ्याचा पाय कोठे पडतो हे पाहावेच लागते. सॉफ्टबॉलमध्ये पाचव्या डावानंतर सात धावांची आघाडी झाली की सामना थांबतो, यामागेही हरणाऱ्या बाजूची अकारण विटंबना टाळण्याचीच दृष्टी आहे. पालकांनी जाळीमागून पंचांवर ओरडू नये, हे सांगण्याची पाळी आमच्याकडेही येऊन ठेपली आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण ओरडणारे हे सदर वाचीत नसावेत.

याच खेळातील एक प्रसंग मात्र सांगितल्याखेरीज राहवत नाही. २००८ च्या एप्रिलात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दोन विद्यापीठीय संघांत सॉफ्टबॉलचा सामना चालला असता वेस्टर्न ऑरेगनच्या सारा टकोल्स्कीने चेंडू कुंपणापार मारला. तिच्या आयुष्यातला तो पहिलाच तसा फटका. आनंदाच्या भरात पहिला बेस शिवावयाचा राहिला, म्हणून ती मागे वळली, आणि गुडघा फिरून जागीच कोसळली. तिच्या संघातील कोणी तिला हात लावल्यास ती बाद होईल, असे पंचांनी सांगितले. तेव्हा प्रतिपक्षाच्या मॅलरी होल्टमनने पंचांस विचारले, ‘‘आम्ही उचलून नेले तर चालेल का?’’ नियमात मनाई नव्हती. तिने आणि लिझ वॉलेसने साराला दोहोंकडून उचलले, प्रत्येक बेसपाशी थांबून तिचा धड पाय हळूच टेकविला, आणि आपल्याच विरुद्ध जाणारी धाव पुरी करून दिली. तो सामना होल्टमनचा संघ ४-२ असा हरला.

राहता राहिला पाऊस. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्याच्या शेपटाला सुरू होतो, तेव्हा आमची मैदाने वरून वाळलेली आणि आतून ओली असतात. अशा वेळी साचलेले पाणी झाडूने गवतात लोटू नये, कारण त्याबरोबर उत्तम बारीक माती वाहून जाते. ते भांड्याने उपसावे, स्पंजाने टिपावे, दाताळ्याने माती हलकेच फोडून वारा लागू द्यावा, आणि कोरडी माती वर ओतून चिखल झाकण्याचा मोह आवरावा, कारण झाकलेला चिखल पुढील पावसापर्यंत तेथेच नांदतो. टाच टेकून जोराने वळावे; खूण अर्ध्या इंचाहून खोल उमटली तर त्या दिवशी खेळू नये. हा निर्णय कोणाचा, यावर दरवर्षी तंटे होतात. बेसबॉलच्या नियमावलीत त्याची चोख तजवीज आहे : दोन्ही संघांच्या नावांची यादी पंचांच्या हाती पडेपर्यंत मैदान खेळण्यायोग्य आहे की नाही हे यजमानाने ठरवावे, आणि यादी हाती पडल्याक्षणी तो अधिकार संपून सर्वस्वी मुख्य पंचांकडे जावा. यजमान शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवून, टाचेची परीक्षा यादी देण्यापूर्वीच, आणि तीही पाहुण्या संघाच्या शिक्षकास बरोबर घेऊन करावी.

(पुढील लेखांकी : नेहरूनगरचे हॉकीचे कृत्रिम मैदान आणि त्यास लागणारे पाणी.)