पूरसूचनेतील संदेशांचा क्रम

तापी नदी बऱ्हाणपूर ओलांडून महाराष्ट्रात येते व भुसावळजवळील हतनूर धरणाच्या जलाशयास मिळते. बऱ्हाणपूर येथे केंद्रीय जल आयोगाचे पाणीपातळी मोजण्याचे केंद्र आहे. अशा केंद्रावरील पातळी वेबसॉकेटद्वारे धरणावर कळविली जाते, असे समजा. २०११ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत एकदा झालेली जोडणी खुली राहते आणि तीवरून संदेश पाठविल्या क्रमानेच पोहोचतात.

मात्र वादळपावसात जोडणी तुटली की ही हमी संपते. नव्या जोडणीस मागील संदेश ठाऊक नसतात. अडकलेला जुना आकडा ताज्या आकड्यामागून आला, तर चढते पाणी उतरते भासते आणि दरवाजे उघडण्याच्या निर्णयात चूक होऊ शकते.

यास्तव प्रत्येक केंद्राच्या सत्रास कायम ओळखखूण द्यावी. जोडणी बदलली तरी ती बदलू नये. प्रत्येक संदेशावर अनुक्रमांक व मोजणीची वेळ असावी. पोच मिळेपर्यंत प्रेषकाने संदेश जपून ठेवावा. पुन्हा जोडणी होताच धरणाने “१७ पर्यंत मिळाले” असे कळवावे, केंद्राने १८ पासून पाठवावे. दुबार आलेला क्रमांक वगळावा. एवढी शिस्त पाळली, तर नदीकाठच्या गावांना मिळणारा इशारा विश्वासार्ह राहील.