कात्रजच्या वर, कात्रजच्या खाली

जमिनीचा वापर ठरवणे आणि त्या जमिनीवर बांधकामाला परवानगी देणे ही दोन्ही कामे कायद्याने एकमेकांशी जोडलेली असली, तरी महानगराच्या सीमेवर ती वेगवेगळ्या कार्यालयांत आणि पुष्कळदा शेजाऱ्याला न विचारताच पार पडतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याने त्यासाठी एक उतरंड घालून दिली आहे: विस्तृत प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, आणि तिच्या चौकटीत प्रत्येक शहराची विकास योजना, म्हणजे रहिवासाचा भाग कोणता, शेतीचा कोणता, रस्ता किती रुंद आणि शाळा-उद्यानांसाठी आरक्षित जागा कोठे, हे सांगणारे नकाशे व नियम. ही योजना करण्याचा आणि तिच्यानुसार परवानगी देण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे असतो, तिला नियोजन प्राधिकरण म्हणतात. दोन प्राधिकरणांच्या हद्दी जेथे भिडतात, तेथे या उतरंडीची खरी परीक्षा होते.

पुण्याच्या दक्षिणेला भिलारेवाडी, मांगडेवाडी या गावांच्या उतारांवरचे पाणी कात्रजच्या दिशेने वाहत येते आणि पुढे आंबिल ओढ्यातून अरण्येश्वर, दांडेकर पूल अशा दाट वस्तीतून मुठा नदीला मिळते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला आलेल्या पुरात माणसे दगावली, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या आणि जनावरे वाहून गेली. अतिवृष्टी हे कारण होतेच. पण पात्र जागोजागी अरुंद झाले नसते, तर पाण्याला पसरायला जागा मिळाली असती. त्या वेळी ओढ्याचा शहरी भाग पुणे महापालिकेकडे, तर वरची गावे 2015 मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होती. उतार सपाट करून त्यावर काँक्रीट घातले की तेथे मुरणारे पाणी खाली धावते, आणि त्याचा भार परवानगी देणाऱ्यावर न पडता दुसऱ्याच हद्दीतल्या घरांवर पडतो.

2021 मध्ये ही गावे धरून 23 गावे महापालिकेत आली, तेव्हा हा प्रश्न सुटेल असे वाटणे स्वाभाविक होते. मात्र या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून महानगर प्राधिकरणालाच नेमण्यात आले. परिणामी बांधकामाचा नकाशा मंजूर करणारी संस्था एक आणि त्या इमारतीला पाणी देणारी, तिचा कचरा उचलणारी संस्था दुसरी, अशी वाटणी झाली. अशी व्यवस्था रहिवाशांवर अन्याय करणारी असते, कारण गटाराची तक्रार जेथे नोंदवायची, तेथे त्या गटाराचा विचार नकाशा मंजूर होताना झालेलाच नसतो.

वास्तविक यावरचा उपाय राज्यघटनेतच आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने 10 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती आवश्यक मानली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात, आणि पाणीवाटप, पायाभूत सोयी व पर्यावरण यांसह समन्वित नियोजन हे तिचे काम असते. पण समन्वित नियोजन प्रत्यक्षात आले नाही: पुण्यात 2021 मध्ये महानगर प्राधिकरणाने प्रारूप विकास योजना, म्हणजे हरकती-सूचनांसाठीचा मसुदा, प्रसिद्ध केली; वाद न्यायालयात गेला आणि 2025 मध्ये शासनाने ती योजनाच रद्द केली. त्यामुळे गावोगावच्या परवानग्यांचा आधार 1997 मध्ये मंजूर झालेली प्रादेशिक योजनाच राहिली, जी आखली गेली तेव्हा या गावांभोवती बहुतांशी शेती होती.

डिसेंबर 2020 पासून मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक त्यामुळे एका सूत्रात आला. नियम सारखे झाले तरी निर्णय वेगळेच राहतात. म्हणून मोठ्या रेखांकनाचा, म्हणजे जमिनीचे भूखंड व रस्ते पाडणाऱ्या नकाशाचा, अर्ज येताच त्याची प्रत प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या संस्थेकडे जावी, तिच्या अभियंत्याने ओढ्यावरच्या पुलाखालून किती पाणी जाऊ शकते हे लेखी कळवावे आणि त्या आकड्याची नोंद परवानगीच्या अटींत व्हावी, एवढी तरतूदही भिलारेवाडीचा उतार आणि दांडेकर पुलाची वस्ती एकाच कागदावर आणू शकेल.