पांढरा नाग कसा जन्मतो?

परभणीकडच्या काळ्या रानात नाग, धामण तुम्ही पाहिले असतील. समजा, एखादा नाग पांढरा निघाला तर? त्याच्या अंगात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होत नाही, एवढेच. हा गुण अप्रभावी असतो. नेहमीच्या रंगाच्या नर-मादी दोघांतही तो लपलेला असेल, तर सरासरी चार पिलांत एक पांढरे निघते.

असा रंग टिकवण्यासाठी परदेशांतील साप पाळणारे कधी जवळच्या नात्यातील जोड्या लावतात. मग इतर लपलेले दोषही पिलांत उघडे पडतात. 'बॉल पायथन' या अजगराच्या 'स्पायडर' प्रकारात तर रंग आणि दोष बरोबरच येतात. त्याची मान डुगडुगते, तोल जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या आंतरकर्णात विकृती आढळली. म्हणून जाणता पैदासकार अशी जोडी लावतच नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, धामण पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. तेव्हा पांढरा नाग दिसलाच, तर दूर उभे राहा, मोठ्यांना सांगा आणि वनखात्याला १९२६ क्रमांकावर कळवा.