आवाज लॅपटॉपचा की घरातल्या विजेचा?

नवाकोरा गेमिंग लॅपटॉप घरी येतो. किंमत लाखाच्या आसपास, बहुधा हप्त्यांवर घेतलेला आणि म्हणूनच घरात सर्वांच्या कौतुकाचा विषय. चार-आठ दिवसांनी रात्री स्पीकर जोडून खेळायला बसलेल्या मुलाच्या लक्षात येते, की संगीताच्या मागे सतत एक 'घूंऽऽ' असा आवाज ऐकू येतो आहे. पलीकडून खेळणारे मित्रही सांगतात, 'तुझ्या माईकमधून काहीतरी गुणगुणतंय.' चार्जर काढला, की आवाज थांबतो. लावला, की पुन्हा सुरू. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला जातो, दोन दिवस तेथे मुक्काम करतो आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारलेल्या जॉबशीटसह परत येतो. घरी चार्जर जोडताच घूंऽऽ पुन्हा हजर!

सेंटरने टाळाटाळ केली असे ग्राहकाला वाटते, तर ग्राहकाला भास होत असावेत असे तेथील तंत्रज्ञाला वाटते. पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात. सेंटरमधल्या सॉकेटचे अर्थिंग व्यवस्थित असते, घरातल्या सॉकेटचे नसते. एवढाच काय तो फरक.

अर्थात प्रत्येक आवाजाचे मूळ अर्थिंगमध्ये नसते. गेमिंग लॅपटॉपमधून येणारे नकोसे विद्युत आवाज मुख्यत: दोन जातींचे. एक यंत्राच्या अंगातूनच येतो, दुसरा स्पीकर, हेडफोन किंवा माईकवाटे. या दोहोंची कारणे निराळी, उपायही निराळे. त्यामुळे पहिली तपासणी अगदी साधी आहे. आवाज पूर्ण बंद (म्यूट) करावा, स्पीकर आणि हेडफोनची वायर काढून टाकावी आणि मग ऐकावे. तरीही चिरचिर ऐकू येत असेल, तर वर्तमानपत्राच्या कागदाची सुरळी करून एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे कीबोर्डवरून, चार्जरवरून हळूहळू फिरवावे. आवाजाची जागा बरीचशी नक्की होते. पंख्याची घरघर यात धरू नये. तिचे कारण धूळ किंवा झिजलेले बेअरिंग असते, तो विद्युत आवाज नव्हे.

ट्यूबलाइटच्या चोकचे भावंड

अंगातून येणाऱ्या या बारीक किणकिणीला इंग्रजीत 'कॉइल व्हाइन' असे नाव आहे. ज्यांच्या घरी जुन्या धाटणीच्या ट्यूबलाइट होत्या, त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. त्या ट्यूबचा चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तारेची कॉइल. तिच्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो, गाभा सेकंदाला १०० वेळा सूक्ष्म कंप पावतो आणि चोक गुणगुणू लागतो. रस्त्यावरच्या डीपीचा आवाजही याच घराण्यातला.

लॅपटॉपमध्ये या कॉइलचे काम अधिक अवघड असते. चार्जरकडून साधारण २० व्होल्टची वीज येते. ग्राफिक्स चिपला मात्र लागतो जेमतेम १ व्होल्ट. म्हणजेच १०० वॉट खाणाऱ्या चिपला सुमारे १०० अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. २० चे १ व्होल्ट करणाऱ्या मंडलात नखाएवढ्या कॉइलची रांग असते आणि तिच्यातला प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होत असतो. हा वेग मानवी कानाच्या मर्यादेपलीकडचा, म्हणजे २० हजार हर्ट्झच्या वरचा. तो ऐकू येत नाही. ऐकू येतो तो भाराचा चढउतार. पडद्यावरचे प्रत्येक चित्र तयार करताना चिप प्रवाहाचा मोठा घोट घेते आणि मग क्षणभर थांबते. सेकंदाला ५०० चित्रे तयार होत असतील, तर असे ५०० घोट. कॉइल त्याच तालावर थरथरते आणि हा ताल कानाच्या टप्प्यात असतो.

कॉइलच्या शेजारचे सिरॅमिक कपॅसिटरही या मैफलीत साथ देतात. काही पदार्थांवर दाब दिला, की वीज निर्माण होते, हे पियरे आणि जॅक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. त्याच्या उलटही घडले पाहिजे, असे गॅब्रिएल लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने मांडले आणि क्युरी बंधूंनी ते लगोलग प्रयोगाने पडताळले. विजेच्या दाबाने पदार्थ आकुंचन-प्रसरण पावतो. कपॅसिटर कंप पावतो, तो ज्या बोर्डावर बसवलेला असतो तो बोर्डही हलतो आणि तबल्याच्या पुडीसारखा आवाज मोठा करतो.

गंमत अशी, की खेळाच्या ऐन रणधुमाळीपेक्षा तो सुरू होण्याआधीच्या मेनूत ही चीं अधिक जाणवते. मेनूचे चित्र सोपे, त्यामुळे चिप सेकंदाला शेकडो चित्रे निष्कारण तयार करत बसते. उपाय त्यातच दडलेला आहे. खेळाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये चित्रांच्या वेगावर ६० ची किंवा पडद्याच्या क्षमतेइतकी मर्यादा घालावी. बहुतेक वेळा आवाज निम्म्याहून अधिक उतरतो, शिवाय यंत्रही थंड राहते. नुसते वेब पान सरकवतानाही चिरचिर होत असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावी. त्यामुळे सहसा टर्बो बूस्ट बंद होतो आणि विजेचे अचानक उसळणे थांबते. वेगात थोडी घट मात्र सोसावी लागते.

असा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. त्याने यंत्राचे आयुष्य घटते असेही नाही. बहुतेक कंपन्या त्याला दोष मानत नाहीत, त्यामुळे वॉरंटीत दाद मिळणे कठीण. म्हणूनच यंत्र परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी रात्रीच्या शांततेत ही परीक्षा उरकून घेतलेली बरी. वडिलांना मात्र साक्षीला बोलावू नये. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची क्षमता कमी होत जाते आणि 'कुठे काय आवाज येतोय?' हे त्यांचे उत्तर खरेच असते.

चार्जर लावला की घूंऽऽ

आता दुसरी जात. स्पीकर, हेडफोन किंवा माईकमधला आवाज चार्जर लावल्यावरच येत असेल, तर येथे एक सापळा ध्यानात घ्यावा. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर असताना आपली ताकद स्वत:हून आवरते. त्यामुळे चार्जर काढल्यावर कॉइलचा आवाजही कमी होतो आणि दोष उगाच चार्जरच्या माथी मारला जातो. ही चाचणी खेळ बंद ठेवूनच करावी.

त्यानंतर बाहेरचे स्पीकर काढून साधे वायरचे हेडफोन लावून पाहावे. चार्जर चालू असूनही आवाज स्वच्छ असेल, तर ते 'ग्राउंड लूप' असण्याची दाट शक्यता. लॅपटॉपला चार्जरच्या पिनमधून एक अर्थ मिळतो, अँप्लिफायरला दुसऱ्या सॉकेटमधून दुसरा. मधली ऑडिओ वायर या दोहोंना जोडते आणि एक बंद वर्तुळ तयार होते. दोन्ही अर्थच्या पातळीत किंचित फरक असला, तरी या वर्तुळातून प्रवाह वाहतो आणि तो ऐकू येतो. माऊस हलवला, की आवाजाचा पोत बदलणे ही त्याची खूण. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यास अनेकदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास ऑडिओ वायरच्या मध्ये बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. ऑप्टिकल वायर किंवा ब्लूटूथनेही हे वर्तुळ तुटते, कारण तेथे तांब्याची जोडणीच उरत नाही. यूएसबीवर चालणारे बाहेरचे साउंड कार्ड घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण यूएसबीच्या वायरमधूनही अर्थ जोडलेलाच राहतो, त्यामुळे पैसे खर्चूनही लूप कायम राहू शकतो.

साधा हेडफोन लावूनही घूंऽऽ येत असेल, लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावताच आवाज बदलत असेल आणि मनगटाला बारीक मुंग्या जाणवत असतील, तर प्रकरण गंभीरपणे घ्यावे. चार्जरमधले गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थच्या पिनशी जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल, तर गळणारा क्षीण प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल, तर २३० व्होल्टच्या मध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लॅपटॉपचे अंग तरंगू लागते. टेस्टर लावला तर तो पेटतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असल्याने सहसा इजा होत नाही, पण त्याच घरातल्या गीझरला, वॉशिंग मशीनला आणि फ्रिजलाही अर्थ नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यांच्यात बिघाड झाला, तर मुंग्यांवर भागणार नाही.

आपल्याकडच्या तीन पिनी प्लगमधली वरची जाड, लांब पिन अर्थची. जुन्या चाळींत आणि इमारतींत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे वायरच नसते, असे आढळते. कधी सॉकेट दोन पिनांचे म्हणून मध्ये अडॅप्टर लावलेला असतो. घूंऽऽ थांबवण्यासाठी ही पिन कापावी, असेही काही जण सुचवतात. लूप त्याने तुटतो, हे खरे. पण आवाजाबरोबर संरक्षणही जाते.

परवानाधारक वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापे घेण्यास सांगावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट असावेत. फेज-अर्थ माप भलतेच कमी आले, तर अर्थ नाही असे समजावे. शेवटचे माप अगदी शून्य आले तरी हुरळून जाऊ नये. काही वायरमन बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून मोकळे होतात. मापे झकास येतात, पण न्यूट्रल कुठे तुटला तर लॅपटॉपपासून फ्रिजपर्यंत सर्वांच्या अंगात पूर्ण फेज उतरतो. नळाच्या पाइपला अर्थ जोडणेही तितकेच चुकीचे. अर्थची वायर मीटरपाशी असलेल्या सोसायटीच्या अर्थिंगपर्यंतच गेली पाहिजे. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा.

अर्थिंग नीट असलेल्या घरात किंवा कार्यालयात, साध्या हेडफोनवर, चार्जर लावल्यावर आवाज येतच राहिला, तर मात्र दोष चार्जरचा किंवा लॅपटॉपच्या ध्वनिमंडलाचा. अशा वेळी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून, चार्जर लावलेला व काढलेला अशा दोन्ही स्थिती दाखवून मगच सर्व्हिस सेंटर गाठावे आणि जॉबशीटवर 'आवाज येतो' एवढेच न लिहिता 'फक्त चार्जर लावल्यावर, खेळ बंद असताना' असे लिहून घ्यावे. त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर लावून पाहण्याचा आग्रह धरावा. पाच मिनिटांचे काम आहे.